जागा बघून आलीस का?

पनवेलच्या कोर्टात भाऊ वकील आलेत की नाही, हे कुणाला विचारावं लागत नसे. फरशीकडे बघितलं की कळायचं. वर कडक पांढरा बँड, इस्त्रीचा काळा कोट आणि खाली बुटांना घोट्यापर्यंत चिखल. झाडलोट करणाऱ्या सुमनताई त्यांना भर व्हरांड्यात झापायच्या, "काय हो भाऊ, अख्खं शेत घेऊन येता का रोज?" भाऊ निमूटपणे पायपुसण्यावर बूट घासायचे आणि म्हणायचे, "शेतच घेऊन आलोय ताई. आत साहेबांना दाखवायचंय ना!"

आणि खरंच दाखवायचे. भांडण बांधाचं असो की डोकं फोडल्याचं, जागा बघितल्याशिवाय भाऊ कोर्टात उभे राहत नसत. आपली जुनी स्कूटर काढायची, गावात जायचं, पावलांनी अंतर मोजायचं, कुणाच्या तरी ओटीवर बसून पाणी मागायचं आणि तासभर पावसापाण्याच्या गप्पा मारायच्या. परत येईपर्यंत त्या गावातल्या कुत्र्यांचीसुद्धा त्यांना ओळख झालेली असायची. मग उलटतपासणीत ते साक्षीदाराला विचारायचे, "विहिरीला कठडा नाही, मग तुम्ही टेकलात कशाला?" साक्षीदार गार!

मी त्यांच्याकडे ज्युनियर म्हणून लागले तेव्हा माझी परीक्षा पहिल्या वर्गात पास झालेली आणि तोरा त्याहून वरचा. न्यू पनवेलमध्ये तिसऱ्या मजल्यावर वाढलेली मी. वडील रोज मुंबईला ऑफिसला जाणारे. चिखल म्हणजे बाल्कनीतून बघायची गोष्ट. भाऊंनी पहिल्या दिवशी माझं सर्टिफिकेट बाजूला सारलं आणि विचारलं, "सायकल येते का?" मला वाटलं, थट्टा करतायत. थट्टा नव्हती. दोन महिन्यांत मी विचुंब्यापासून रोडपालीपर्यंत सगळे आडरस्ते पालथे घातले होते. संध्याकाळी ऑफिसात पाऊल टाकलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "जागा बघून आलीस का?"

अशिलांना पढवणं त्यांना अजिबात खपायचं नाही. एकदा मी एका म्हातारीला कोर्टात कसं शुद्ध बोलायचं ते समजावत बसले होते. भाऊ आतून ओरडले, "बाईसाहेब, तिला तुमच्यासारखं बोलायला शिकवलंत, तर साहेबांना वाटेल तुम्हीच बोलताय! बोलू दे तिला तिच्या तोंडाने." म्हातारी खूश. "आमी बोलू आमचा आमी," म्हणाली आणि माझ्याकडे बघून बोळकं पसरून हसली. मी दिवसभर फुगून होते.

आणखी एक खोड सांगायलाच हवी. केस जिंकली की ते काही करायचे नाहीत. अशील पेढे आणतोच, म्हणायचे. पण हरल्या दिवशी ऑफिसात हमखास कांदाभजी यायची. सगळ्यांनी खायची, हरलेल्या अशिलाने सगळ्यात आधी. त्या भज्यांसमोर कुणी कुणाची चूक काढायची नाही, हा नियम. भाऊंचे क्लार्क नामदेव, बेलपाड्याचे, तीस वर्षं त्यांच्या सोबत असलेले, कोर्टातला रंग बघूनच भजीवाल्याला निरोप धाडायचे.

आता ते सांगते, जे मी वीस वर्षं कुणाला सांगितलं नाही.

उरणच्या रस्त्यावर खाडीला लागून एक गाव आहे. तिथल्या हिराबाईंचा मुलगा काशिनाथ भाऊंचा अशील होता. चोवीस वर्षांचा, तोंडाने तिखट पण सरळ पोरगा. शेजारी बांधकाम चाललं होतं, तिथे वाटेवरून त्याची वॉचमनशी बाचाबाची झाली. त्याच संध्याकाळी वॉचमनचा गुडघा फुटला. काशिनाथ म्हणत होता, "मी शिव्या घातल्या साहेब, खोटा कशाला बोलू? पन हात नाय लावला. तो मागून खड्ड्यात पडला." वॉचमन आपल्या मुलखाला निघून गेला, तो साक्षीला आलाच नाही. उरला एकच साक्षीदार, बांधकामावरचा मुकादम. त्याने म्हणे काशिनाथला वॉचमनच्या गुडघ्यावर सळई घालताना डोळ्यांनी पाहिलं होतं. काशिनाथला बंदरावरच्या नोकरीचं पत्र आलेलं. शिक्षा झाली की पत्राला अर्थ उरला नसता. हिराबाई प्रत्येक तारखेला ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणायच्या, कुणी मागितलं नसतानाही.

भाऊंचे गुडघे तेव्हा दुखायला लागले होते. मला म्हणाले, "या वेळी तूच जाऊन ये. नीट बघ."

मी निघाले. पण आदल्याच दिवशी मी नव्या चपला घेतल्या होत्या, करड्या रंगाच्या, नाजूक पट्ट्यांच्या. पाऊस थांबला होता, तरी फाट्यापासून गावापर्यंत नुसता राडा. फाट्यावर उभं राहून मी तो रस्ता बघितला, चपलांकडे बघितलं, वडापाव खाल्ला आणि परत आले. पंचनाम्यात पोलिसांनी काढलेला नकाशा होताच की! मुकादम एका बाजूला, वॉचमन दुसऱ्या बाजूला आणि मध्ये हिराबाईंचा गोठा. दिसणार कसं? मी भाऊंना टिपण लिहून दिलं: मध्ये गोठा, दिसणं अशक्य.

"जागा बघून आलीस का?"

"हो, आले ना," मी म्हटलं. इतक्या सहज की माझं मलाच नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ उलटतपासणीला उभे राहिले. आवाज नेहमीसारखाच मऊ. "मध्ये गोठा आहे. गोठ्यातून आरपार दिसतं का हो तुम्हाला?" कोर्टात खसखस पिकली. मुकादम मात्र शांत होता. म्हणाला, "गोठ्यातून कशाला साहेब? मी खारबांधावर उभा होतो. खाडीचा पाणी अडवायचा बांध तो, गोठ्याच्या छपरापेक्षा उंच हाय. वरून सगला दिसतो. तुमी जागा बघितली नाय का?"

आता हसू वाढलं. सरकारी वकील तर उघड उघड हसत होते. हिराबाईंना काय चाललंय ते कळत नव्हतं, पण मुलाचा चेहरा बघून त्यांनी ती पिशवी छातीशी धरली. भाऊ वळून माझ्याकडे बघतील, या धास्तीने मी मान खाली घातली.

भाऊ वळले नाहीत. न्यायाधीशांना म्हणाले, "जागा बघायची राहिली साहेब. चूक माझी आहे. उरलेली उलटतपासणी पुढच्या तारखेला घेण्याची परवानगी असावी." साहेबांनी चष्मा काढला. इतक्या वर्षांत भाऊंच्या तोंडून असं वाक्य त्या इमारतीने ऐकलं नव्हतं. परवानगी मिळाली.

त्याच दुपारी भाऊंनी मला स्कूटरवर मागे बसवलं आणि आम्ही त्या गावात गेलो. बांध होता, चांगला दीड पुरुष उंच. दुखऱ्या गुडघ्यांनी भाऊ एका काठीच्या आधाराने वर चढले आणि मला ओरडून म्हणाले, "गोठ्याच्या पलीकडे जा! वॉचमन बसायचा तिथे, त्या घमेल्यावर बस!" मी बसले. चपला चिखलात पार रुतल्या.

"दिसत नाहीस!" वरून आवाज आला. "आता उभी राहा!"

मी उभी राहिले.

"आता डोकं दिसतंय! परत बस!"

असं त्यांनी मला दहा वेळा उठवलं-बसवलं. गावातली बायापोरं गोळा होऊन हसत होती. मीही हसत होते आणि डोळ्यांतून पाणीही वाहत होतं. बांधावरून उभ्या माणसाचं डोकं दिसत होतं, बसलेला माणूस दिसतच नव्हता. आणि मुकादमाने तर जबानीत लिहून दिलं होतं, की वॉचमन घमेल्यावर बसलेला असताना सळई गुडघ्यावर बसताना पाहिली! भाऊ खाली उतरले, धापा टाकत एवढंच म्हणाले, "कागदाला उंची नसते, बाई."

परतताना त्यांनी फाट्यावर स्कूटर थांबवली आणि भजी मागवली. केस अजून हरलो नव्हतो, तरी भजी. मी धीर करून म्हटलं, "भाऊ, मी काल..."

"खा. गार होतायत," भाऊ म्हणाले. नियम तो नियम. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही आणि मी काढू शकले नाही.

पुढच्या तारखेला भाऊंनी मुकादमाला पाचच प्रश्न विचारले. पाचव्याला त्याला घाम फुटला. काशिनाथ निर्दोष सुटला, बंदरावर रुजू झाला. हिराबाईंनी ऑफिसात सुक्या बोंबलांची एवढी मोठी पिशवी आणून ठेवली, की आठवडाभर अशील दारातूनच बोलत होते.

पण बाररूममध्ये वेगळीच गोष्ट उरली. "भाऊसुद्धा एकदा जागा न बघता उभे राहिले होते!" नवा वकील आला की ही गंमत त्याला सांगितली जायची. भाऊ समोर असले तर तेही हसायचे. मीही हसायचे. वीस वर्षं हसले. लाज वाटते लिहिताना.

गेल्या महिन्यात भाऊ गेले. तो बांध आता राहिला नाही, तिथे गोदामं झालीत. बाररूममध्ये शोकसभा झाली. एका ज्येष्ठ वकिलांनी प्रेमाने तीच गोष्ट काढली, "चाळीस वर्षांत एकदाच त्यांची जागा बघायची राहिली," आणि सगळे हळवं हसले. मला बसवेना. मी उभी राहिले. म्हटलं, "त्यांची नव्हती राहिली. माझी राहिली होती. मी त्यांना खोटं सांगितलं होतं." पुढे आणखी बोलायचं होतं, पण रडूच फुटलं.

मागच्या बाकावरून नामदेव उठले. आता पार थकलेत, काठी घेऊन चालतात. म्हणाले, "म्याडम, भाऊंना म्हायती होता. कोर्टातून बाहेर पडले तवाच मला बोलले, 'नामदेव, पोरीच्या चपला कोऱ्या होत्या. मी तिला तोंडाने विचारला, पायाकडं बघितला नाय. चूक माझीच हाय.'"

मी वीस वर्षं समजत होते, की त्यांनी मला पाठीशी घातलं.

आता माझ्याकडे दोन ज्युनियर आहेत. संध्याकाळी ती ऑफिसात येतात. जागा बघून आलात का, असं मी विचारत नाही. आधी त्यांच्या पायांकडे बघते.