बुजवलेलं भोक

मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात सोल्डरिंगचा जळका वास आला, की मला आजही माझाच राग येतो.

तेव्हा मी एटापल्लीच्या शाळेत मास्तर होतो. शेजारच्या मैनाबाईने तिच्या आईच्या माळेतलं चांदीचं जुनं नाणं माझ्याकडे दिलं. त्याच्या भोकातली कडी तुटली होती, तेवढीच चंद्रपुरातून बसवून आणायची होती. पण मला जुन्या नाण्यांचा भारी नाद. चांदीकाम करणाऱ्या करीमभाईंना मी म्हणालो, "भोकच बुजवा आणि घासून चकाचक करा. असं नाणं गळ्यात घालायचं नसतं, जपायचं असतं."

त्यांनी फुंकणी खाली ठेवली. "सर, बाईले इचारलं का?"

"तिला काय कळतं त्यातलं?"

नाणं परत दिलं तेव्हा मैनाबाई भोक बुजवलेल्या गुळगुळीत जागेवरून कितीतरी वेळ अंगठा फिरवत राहिली. "मास्तर, मायनं खिळा ठोकून पाडलं होतं ते. कुठी गेलं?"

पुढच्या खेपेला मी मशीनने नवं भोक पाडून आणलं. तिने ते नाणं माळेत ओवलं. तिच्या आईचं भोक वाकडंतिकडं होतं. हे अगदी गोल होतं, आणि माझं होतं.