आबाजी गवंड्याची कलती भिंत

कळंबच्या आबाजी गवंड्याला आयुष्यात एकाच गोष्टीचा गर्व होता. त्याची भिंत सरळ असायची. बाकी गर्व करण्यासारखं त्याच्याकडे फारसं नव्हतंच. आजा मेंढरं राखत गावोगाव हिंडला, बापानं मेंढरं विकून चार एकर जमीन केली, आणि आबाजी तिसरीतून शाळा सोडून माळेगावच्या तात्याबा गवंड्याच्या हाताखाली गेला. तात्याबा एक नंबरचा खडूस. ओळंब्याच्या, म्हणजे टोकाला वजन बांधलेल्या दोरीपासून भिंत सूतभर जरी हलली, तरी अख्खा थर उतरवायला लावायचा आणि वर जेवायला उशीर झाला म्हणून पोरालाच बोलायचा. त्या बोलण्यावर आबाजी घडला. पुढं बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात त्यानं घरं बांधली, दोन शाळा बांधल्या, गोठे तर किती बांधले त्याला गणती नाही. गोठ्याची भिंतसुद्धा अशी उभी करायचा, की म्हशीला त्यातलं काही कळत असतं तर तिनं मान डोलावली असती.

असा हा माणूस १९९५ च्या चैत्रात बारामतीला एका शिक्षण संस्थेच्या नव्या इमारतीवर कामाला लागला. विज्ञानाचं प्रदर्शन कायमचं मांडायला ही इमारत बांधायची होती. सिमेंट-वाळूचा माल कालवायला बायको बानूबाई बरोबर होतीच. नकाशा पुण्याच्या आर्किटेक्ट मनीषा मॅडमनी काढलेला. वय तिशीच्या आसपास. दर गुरुवारी एस.टी.नं यायच्या, डोक्याला रुमाल बांधायच्या आणि वाळूच्या ढिगावर बसून गवंड्यांना नकाशा समजावायच्या. आबाजीला ही साधी बाई आवडली होती. पंचाईत एकच होती. दक्षिणेकडची काळ्या दगडाची भिंत नकाशात बाहेरच्या अंगाला कललेली होती. दहा फुटांच्या उंचीत दोन फूट.

दुसरा कुणी असता तर त्यानं विचारलं असतं. आबाजीला विचारायचंच अवघड वाटलं. पोर शिकलेली, पहिलंच मोठं काम, आणि चारचौघांत तिची चूक काढायची? तिची नोकरी गेली तर? त्यानं दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी गुपचूप ओळंबा सोडून भिंत सरळ उचलायला घेतली. बुधवारपर्यंत पाच थर झाले. आपण एक पुण्याचं काम केलं, अशा समाधानात तो होता.

गुरुवारी मॅडम आल्या. आबाजीनं त्यांना बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, "बाई, काळजी करू नगा. कागदावर तुमची चूक झालीती, ती म्या निस्तारलीया. कुणाला बोललो न्हाय."

मॅडमना आधी कळेचना. मग त्यांनी भिंत पाहिली आणि त्यांना हसू फुटलं. आबाजीचा चेहरा पाहून त्यांनी ते आवरलं. "आबा, चूक नाही ती. मुद्दाम कलवली आहे. मीच तुम्हाला आधी सांगायला हवं होतं."

भर दुपारची वेळ होती. मॅडमनी दोन फळ्या मागवल्या. एक दक्षिणेला तोंड करून सरळ उभी केली, दुसरी वरून पुढं कलवून धरली. सरळ फळीवरून ऊन घसरत खाली येत होतं. कललेल्या फळीचं तोंड मात्र सावलीत होतं. "आता अशी भिंत धरा. चैत्र-वैशाखात दिवसभर तिच्यावर ऊन पडणार नाही. थंडीत ऊन खाली उतरतं, तेव्हा पडेल. आत मुलं येणार, आणि इथं वीज कधी जाईल याचा नेम नाही. पंखा बंद पडला तरी खोली तापायला नको."

आबाजीनं दोन्ही फळ्यांना हात लावून पाहिला. मेंढरंसुद्धा दुपारी एकमेकांच्या सावलीत डोकं घालून उभी राहतात, हे त्याला आठवलं. पण मन मानेना. "पडायची न्हाय ना?"

"भिंत चढेल तसे मागून काँक्रीटचे खांब चढवायचे, तेही कलते. ते तिला धरून ठेवतील. प्रश्न वेगळाच आहे. मला कागदावर कल काढता येतो, दगडात नाही. सगळीकडे सारखा आला नाही, तर ती भिंत खरंच चुकलेली दिसेल. तुम्हाला जमणार नसेल तर सांगा, मी सरळ करून टाकते."

आबाजीनं मनात तोलून पाहिलं. नाही म्हणणं सोपं होतं. पण मग खोली तापणार होती, आणि तीही त्याच्यामुळं. व्हय म्हटलं तर सगळ्या तालुक्यानं म्हणायचं, आबाजीची भिंत कलली. जेवताना त्यानं बानूबाईला सांगितलं. ती म्हणाली, "तुमाला जमत न्हाय म्हणून सरळ बांधली, असं म्हणत्याल तवा चालंल व्हय?"

दुपारनंतर आबाजीनं स्वतःच्या हातानं पाचही थर उतरवले. बाकीचे गवंडी हसले, त्याला लाज वाटली, पण हात थांबला नाही. मग त्यानं सुताराकडून पाच फुटांची फळी कापून घेतली, खाली फूटभर रुंद आणि वर टोकाला निमुळती. तिरकी कड दगडाला टेकवायची आणि सरळ कडेला ओळंबा सोडायचा. ओळंबा कडेला लागला, की कल बरोबर.

वर्षभरात इमारत उभी राहिली. कळंबच्या चहाच्या टपरीवर लोकांनी हौस भागवून घेतली. "आबाजी, भिंतीला झोप आली का रं?" तो हसून सोडून द्यायचा. मनात मात्र एकच धास्ती होती. तात्याबा अजून यायचा होता.

तो आला पुढच्या चैत्रात, उद्घाटनाच्या दिवशी, नातवाच्या मोटारसायकलवर मागं बसून. ऐंशीच्या घरातला म्हातारा. आल्या आल्या त्यानं शिडी मागितली. वर चढू कोण देणार? नातवानं वरून ओळंबा सोडला, आणि खाली तात्याबानं दोरीपासून भिंतीच्या पायापर्यंत टेप धरला. मग चार पावलं पुढं, पुन्हा तेच. माणसं जमली.  सात ठिकाणी मापून झाल्यावर म्हातारा भिंतीच्या पायाशी सावलीत बसला.

"किती भरलं, तात्या?" आबाजीनं विचारलं.

"दोन फूट. सातीबी ठिकाणी दोन फूट."

गर्दीतला एक जण म्हणाला, "तात्याबांनीच शिकवलंय म्हटल्यावर चुकंल कसं?"

तात्याबानं मान हलवली. "म्या त्याला सरळ बांधायला शिकवलं. ही म्या शिकवल्याली न्हाय. मला आली बी नसती."

 इतकी वर्षं ज्या माणसाची बोलणी खाल्ली, त्याच्या तोंडून हे ऐकून आबाजी भरून पावला. तो तसाच म्हाताऱ्याशेजारी जाऊन बसला. दोघांनीही बराच वेळ भिंतीच्या सावलीबाहेर पाय टाकला नाही.