सलीमच्या अल्बममधली शांतता

मित्रांनो, जॅझ म्हणजे पैसेवाल्यांची जांभई, असं मी आज दुपारपर्यंत मानत होतो.

रोहिणखेडच्या सलीमनं मोबाईलवर त्याच्यासह तिघांचा जॅझ-रॅप अल्बम ऐकवला. त्याचं क्लॅरोनेट, एकाचे ड्रम, एकाचा लॅपटॉप. रॅपमध्ये वरात चालली होती, कपाशीच्या बोंडअळीला शिव्या घालत. घरचा लग्नाचा बँड सोडला म्हणून वर्षभर सलीमशी न बोललेले त्याचे अब्बा पाठ फिरवून बसलेले.

ऐन रंगात सगळं थांबलं.

"मोबाईल बंद पडला बे तुझा!" मी म्हणालो.

"चूप बसा भाऊ," अब्बा वळले. "गाण्यातली वरात मयतीच्या घरासमोर आली ना. तिथं आपण वाजवतो का कधी?" मग सलीमकडे बघून, "ध्यानात ठेवलं तू!"

"हाव अब्बा."

मी ते गाणं पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं.

तुमच्या गावात अशा घरासमोर डीजे थांबतो का हो?