‘वानी’ नसलेलं दुखणं

दहावीत आमच्या बाई फळ्यावर दोन रकाने आखायच्या. वाक्यात ‘लाइक’ किंवा ‘अ‍ॅज’ दिसलं की सिमिली, नाही दिसलं की मेटाफर. मराठीच्या तासाला तेच उपमा आणि रूपक होऊन यायचं. शिरूरच्या त्या इंग्रजी शाळेत मी फारशी बोलत नसे, पण हे मला पटकन जमलं. शब्द हेरायचा, रकान्यात टाकायचा. कुणाशी बोलावं लागत नाही.

त्या दिवाळीत मी दौंडला आत्याकडे गेले. तिच्या छातीत दुखायचं, आणि तिचं दुखणंही मी नकळत रकान्यांत टाकू लागले. सोसवत असलं की ती म्हणायची, “इंगळावानी झालंय गं.” इंगळ म्हणजे पेटता निखारा, ‘वानी’ म्हणजे सारखं. भाकऱ्या थापणं मात्र चालूच. पण कधी तिचे हात परातीतच थांबायचे, कपाळावर घाम यायचा आणि ती म्हणायची, “इंगळ हाय. हितं.” तेव्हा ‘वानी’ नसायचं. घरात हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

“हिचं रोज नवं,” तिची सासू म्हणायची. “काल म्हनं छातीवर पाटा, आज इंगळ. उद्या सैपाक बी तिथंच करू.”

सगळे हसायचे. आत्याही हसायची.

एका सकाळी ‘वानी’ आलंच नाही. आत्याच्या यजमानांना आम्ही मामा म्हणतो. हिला दवाखान्यात न्या, एवढं त्यांना सांगायला मला दुपार झाली. नेहमीचे डॉक्टर बाहेरगावी होते. त्यांच्या जागी दक्षिणेकडचे एकजण आले होते, मराठी न येणारे. मामा मला म्हणाले, “तू चल. इंग्रजी शाळंत नुसती टाय बांधाया जाती व्हय?”

डॉक्टरांनी विचारलं, दुखणं कसं आहे? मी आत्याकडे पाहिलं.

“सांग त्यास्नी, इंगळ हाय. आन् पुन्याला मोठ्या तपासाला धाडत्यात का, इचार.”

छातीत निखारा आहे, असं मी इंग्रजीत सांगितलं. डॉक्टर हसले, तसे मायेनंच.

“यू मीन, लाइक बर्निंग?”

“नो सर. नॉट लाइक.”

“देन व्हॉट?”

मला सांगायचं होतं की साधं दुखलं तर ही ‘सारखं’ म्हणते आणि फार झालं की तो शब्द गळतो. आज सकाळपासून तो नाही. पण मनात वाक्य जुळवलं तर ते परीक्षेतल्या उत्तरासारखं वाटायला लागलं. बाहेर बाकावर माणसं ताटकळत होती.

“बोल की,” मामा म्हणाले. “सिग्नल मिळंना का?”

मी पुन्हा “नॉट लाइक” एवढंच म्हणाले, तेही पुटपुटत. पुण्याचंही विचारलं. गरज नाही, डॉक्टर म्हणाले. पित्त आहे. तिखट बंद, चहा कमी, या गोळ्या.

रस्त्यावर येताच आत्यानं माझा हात धरला. “पुन्याचं काय म्हनलं?”

“नको म्हणाले. पित्त आहे.”

“तू इंगळ म्हनलीस न्हवं?”

“म्हटलं.”

“मग?”

मामा पुढे निघाले होते, बरेच मोकळे वाटत होते. पित्त काय, घरोघरी असतं.

सुट्टी संपेपर्यंत आत्यानं गोळ्या घेतल्या. तिखट सोडलं, चहाही सोडला. मी रोज विचारायची, आज कसं वाटतंय? ती मेथी निवडत म्हणायची, “पित्त हाय.” एकदा ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेली दिसली. जवळ जाऊन पुन्हा विचारलं. तेव्हाही तेवढंच. पाटा नाही, इंगळ नाही. मामांना बोलवायला मी उंबऱ्यापर्यंत गेले, पण त्यांना काय सांगणार होते? परत येऊन तिच्याजवळ बसले आणि मेथीची जुडी पुढ्यात ओढली.