थांबलेल्या शब्दापासून पुढे

दुसरबीड गावात आमच्या शेजारी राहणारा प्रोग्रामर घरी बसूनच कंपनीचं काम करतो. दुसरे प्रोग्राम चालवणारा एक प्रोग्राम आहे, त्याला तो इंटरप्रिटर म्हणतो. सध्या त्यात दोन सूचना घालतोय: चालता प्रोग्राम मधेच थांबवायची, आणि तिथूनच पुढे चालवायची.

"थांबवनं सोपं हाय," तो म्हणतो. "पन कुठं थांबलो अन् तवा हातात काय होतं, दोन्ही जपा लागते."

बोलतानाही तसाच. फोन आला की वाक्य अर्धं टाकून उठतो, परत येऊन पुढच्या शब्दापासून सुरू करतो. मला याची चीड येते. तोवर मी विषयच विसरलेला असतो.

काल त्याच्या आईजवळ बसलो होतो. तिला हल्ली फारसं आठवत नाही. भावाच्या लग्नाला निघाल्याचं सांगता सांगता ती गप्प झाली आणि मलाच म्हणाली, "तुमी कोन?" मी उठायला लागलो.

तो कीबोर्डवरून हात न उचलता म्हणाला, "बैलगाडीचं चाक निखळलं होतं, माय. तुह्या मांडीवर लाडवाचा डबा होता."

"हाव," ती म्हणाली. "गाडी कलंडली, पन डबा म्या सोडला नाही."