पांढऱ्या पायाची

आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात सर्व्हर बंद पडला की तेव्हा जो समोर असेल तो 'पनवती' ठरतो. मलाही म्हणून झालंय. हसायचं, सगळ्यांना चहा पाजायचा, विषय संपला. गावी, माल्यातल्या आमच्या घरी मात्र एक शब्द चहाने उतरणारा नव्हता.

वहिनी लग्न होऊन आली त्याच आठवड्यात गाभण म्हैस मेली. तेव्हापासून आई तिला पांढऱ्या पायाची म्हणू लागली. तोंडावर नाही, पण तिला ऐकू जाईल इतपत हळू. पुरुषाला कुणी पांढऱ्या पायाचा म्हटलेलं मी ऐकलं नाही. पुरुष फार तर करंटा, आणि त्यात निम्मी कीवच असते.

गेल्या उन्हाळ्यात बोअर मारायचं ठरलं. पाणाड्या तळहातावर नारळ आडवा धरून शेतभर फिरला. बांधाच्या अलीकडे नारळ उभा राहिला, जागा नक्की झाली. आदल्या दिवशी आईने दादाला सांगितलं, "तिला नेऱ्याला माहेरी सोडून ये. बोअरची गाडी येईल तवा ती हितं नगं." दादा मुकाट्याने गेला. चार बुकं शिकलेला मी फोनमध्ये तोंड खुपसून बसलो. त्याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी गाडी दुपारपर्यंत घरघरली. वर आला तो नुसता करडा धुरळा. पाणाड्या कधी सटकला ते कळलंसुद्धा नाही. मला वाटलं, आता तरी आईची खोड मोडेल, कारण आज दोष द्यायला वहिनी घरातच नव्हती.

आई ओट्यावर बसून म्हणाली, "जाताना उंबऱ्यातनं मागं वळून बघितलं तिनं. मी पाह्यलंय."

माझं डोकं फिरलं. तसाच उठलो, लांब जाऊन वहिनीला फोन लावला. तिला मोकळं करायची घाई झाली होती मला.

"वहिनी, बोअर कोरडी गेली. तुमी तर हितं नव्हता. आता तुमाला कुणी काय बोलू शकत न्हाई."



"तसं न्हाई भावजी," ती हळूच म्हणाली. "काल निघताना मी बोअरच्या त्याच जागेवरनं चालत गेले. ध्यानातच आलं न्हाई. आत्याबाईंना सांगू नगा."