मामांचा इन्स्पेक्टर

रावेर तालुक्यात माझ्या मामेसासऱ्यांइतके खून आजवर कोणीच केले नसतील. दिवसभर केळीचे घड तोलणारा हा गरीब माणूस संध्याकाळी रहस्यकथा लिहायचा, आणि प्रेत पडायचं ते केळीच्या बागेतच. आम्ही जेवायला बसलो की भात कालवता कालवता विचारायचे, "जावईबापू, गळा आवळाले केळीच्या सोपटाचा दोर पुरीन का?" मी ताटातलं शिकरण बाजूला सारायचो. इन्स्पेक्टर मात्र पंचवीस वर्षं एकच. लंगडा, तंबाखू मळणारा, शेवटच्या पानावर सगळ्यांना विहिरीवर जमवून खुन्याच्या खांद्यावर हात ठेवणारा. "वाचणाऱ्याले घर वळखीचं लागते," मामा म्हणत, "दार तेवढं दुसऱ्या भिंतीत काढायचं." मामी भाकरी थापताना सगळं ऐकायच्या आणि त्या हसल्या तरच गोष्ट पक्की व्हायची.

गेल्या वर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर कुणा दीडशहाण्यानं लिहिलं, "तेच ते." मामांना ते फार लागलं. नवं करायचं म्हणून त्यांनी तिसऱ्याच पानावर इन्स्पेक्टर मारला. तेव्हा मामी जळगावला दवाखान्यात होत्या. डॉक्टरांनी हात टेकले होते. मामांनी मोठ्या हौसेनं खाटेशेजारी बसून पानं वाचली. मामींनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"त्याले कसाले मारलं तुम्ही? जिता करा त्याले, मंग घेते औषध."

"अवं, गोष्टीत काही नवं नको?"

"माह्या अंगात रोज नवंच निंघून राह्यलं. गोष्टीत तरी वळखीचं राहू द्या."

मी चिडून म्हणालो, "करा की जिवंत, तुमचं काय जातं?" मामा म्हणाले, "फुकटचा जिता केला तर तिले लगेच कळीन." दोन दिवस ते व्हरांड्यातल्या बाकावर कागद फाडत बसले. एवढा हट्टी माणूस मी पाहिला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सापडलं. लंगड्या माणसाची एकच चप्पल जास्त झिजते, आणि प्रेताच्या दोन्ही सारख्याच झिजलेल्या. म्हणजे मेला तो दुसराच. मामांनी भराभरा शेवट लिहून काढला आणि पानं घेऊन आत आले, तोवर मामी गेल्या होत्या.

रावेरहून गाडी यायला वेळ होता. मामा खाटेशेजारी बसले आणि वाचू लागले. नर्सनं माझ्याकडे बघितलं, मी वाचू द्या म्हणून मान हलवली. प्रेताच्या चपला, विहिरीवरची माणसं, खांद्यावरचा हात, एक ओळ गाळली नाही. वाचून झाल्यावर सवयीनं मामींच्या तोंडाकडे बघत थांबले. बराच वेळ थांबले. मग गाडी आली, म्हणून मी त्यांच्या हातातून पानं काढून घेतली.